चारा जुलैअखेरपर्यंत पुरवायचा: मंगळवेढ्याकडच्या एका कोरड्या उन्हाळ्याच्या नोंदी

रान सव्वापाच एकर, मंगळवेढ्याच्या दक्षिणेला. कालव्याचं पाणी आमच्याकडे नाही. खालची चार एकर मध्यम काळी, तिथे मालदांडी ज्वारी. माळाकडची सव्वा एकर पट्टी हलकी, वीतभर मातीखाली मुरूम; तिथेही ज्वारीच. दावणीला खिलार बैलजोडी, दोन संकरित गाई, एक पंढरपुरी म्हैस, एक कालवड. शिवाय सात शेळ्या. बोअर एक, तेही दिवसातून तासभर चालतं.

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरअखेर सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या शेजारचा सांगोला होता. म्हणून या वेळी ठरवलं की चाऱ्याचा हिशेब उन्हाळा लागल्यावर नाही, ज्वारी उभी असतानाच मांडायचा आणि जे होईल ते वहीत लिहायचं. ज्यांच्याकडे अशीच कोरडवाहू जमीन आणि पाच-सहा जनावरं आहेत त्यांच्यासाठी त्या नोंदी इथे देतोय. भाव आमच्या भागातले, त्या वर्षाचे.

२१ जानेवारी २०२४

पहार घेऊन रानात गेलो. खालच्या रानात दीड हात खड्डा घेतला. वरची वीतभर माती नुसती भुकटी. त्याखालची मुठीत दाबली की गोळा होतो, पण दोन बोटांत चेपला की फुटतो. दीड हातावरची माती मात्र हाताला गार लागली आणि चेपल्यावर चपटी झाली. म्हणजे दाणा भरण्यापुरती ओल आहे, त्यापेक्षा जास्त नाही. ज्वारी फुलोऱ्यातून पुढे गेलीय, कणसं लहान आहेत पण आहेत.

माळाच्या पट्टीत पहार वीतभर गेली आणि मुरमावर वाजली. तिथल्या मातीचा गोळाच होत नाही.

खालच्या रानात तिसरी कोळपणी दातेरी कोळप्याने केली होती. जिथे ती झाली तिथल्या भेगांत करंगळीही जात नाही. बांधाकडच्या चार काकऱ्या सुटल्या होत्या, बैल वळायला जागा नव्हती म्हणून. तिथे भेगेत अख्खा पंजा आत जातो आणि ज्वारी कमरेच्या वर गेलेलीच नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी हे लहानपणापासून ऐकतोय. एकाच वावरात दोन्ही बाजू शेजारी शेजारी क्वचित बघायला मिळतात. फोटो काढून ठेवलाय.

माळाची ज्वारी पोटरीत अडकलीय. कणीस बाहेर पडणार नाही हे उघड आहे. सकाळी दहालाच पानं गुंडाळतात आणि संध्याकाळीही नीट उलगडत नाहीत. पानांवर चिकटा, हात लावला की बोटं चिकटतात. आई म्हणाली, "राहू दे, कडबा तरी होईल." मी पाच ताटं कापून उन्हात टाकली आणि तीन दिवसांनी वजन केलं. जे उरलं त्याला कडबा म्हणणं अवघड होतं, पानं चुरून गेली, हातात फक्त दांडे राहिले. अजून दोन आठवडे उभी ठेवली तर तेच होणार. हिरवी आहे तोवर कापून मुरघास, म्हणजे कुट्टी करून हवाबंद मुरवलेला चारा, करायचं ठरवलं.

२७ जानेवारी

मुरघासाचं काम झालं. मुरघास बहुतेक जण मक्याचा करतात, दाणा चिकात असताना. ज्वारीचाही होतो, पण पोटरीतल्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीचा करताना आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी एक गोष्ट तीनदा बजावली: ही ज्वारी हिरवी तशीच दावणीला टाकायची नाही. ताणातल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं. कुट्टी करून दाबून मुरवली की ते बरंच उतरतं, म्हणून मुरघास चालेल, पण दीड महिना बॅग उघडायची नाही.

ओल तपासायची पद्धत सोपी आहे. कुट्टी मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. बोटांतून पाणी गळलं तर फार ओली, चारा सडतो. गोळा लगेच सुटून पडला तर फार कोरडी, दाबली जात नाही आणि आत हवा राहून बुरशी येते. गोळा हळूहळू उलगडायला हवा, तळहात फक्त ओलसर लागला पाहिजे. आमची सकाळी कापलेली बरोबर होती. दुपारनंतर कापलेली उन्हाने कोरडी पडली होती, गोळा लगेच सुटत होता. त्यावर गुळाचं पाणी जास्त शिंपडून वेळ मारून नेली.

कुट्टी यंत्र भाड्याने आणलं होतं. माणसं चार. पाच बॅगा भरल्या, प्रत्येकीत सातशे किलोच्या आसपास. थर वीतभराचा टाकायचा, मग दोघांनी आत उतरून कडेकडेने तुडवायचा. मधे आपोआप दबतं, कडेला दबत नाही. चार बॅगा नीट झाल्या. पाचवी भरताना अंधार पडला, यंत्रवाल्याला दुसरीकडे जायचं होतं, माणसं पांगली आणि ती नुसती भरली गेली. तिच्यावर कोळशाने फुली मारून ठेवलीय, तीच आधी उघडायची.

खर्च: बॅगा ३०००, यंत्र आणि मजुरी ४२००, गूळ-मीठ ९००.

१८ फेब्रुवारी

थंडी शिवरात्रीपर्यंत टिकली की दाणा टपोरा होतो. या वेळी ती फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच संपली. खालून पानं वाळत वर आली, ज्वारी आठवडा-दहा दिवस आधी काढणीला आली.

आमच्याकडे ज्वारी उपटून काढतात. या वेळी उपटेना. जमीन इतकी आवळलीय की ताट ओढलं की मुळासकट येण्याऐवजी बुडख्यात मोडतं, नाहीतर हाताची सालं निघतात. उक्तं घेतलेल्या बायकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, उपटायची असेल तर एकरी हजार वाढवा, नाहीतर विळ्याने कापतो. उक्ता भाव आधीच एकरी ४५०० होता. कापायला सांगितली. चार बोटं बुडखे रानात राहिले.

हे इथे ठळक लिहितोय, कारण याचं पुढे काय झालं ते मेच्या नोंदीत आहे.

२६ फेब्रुवारी

कणसं मोडून झाली. पेंढ्या मोजल्या, चार एकरांत ७६०. आकडा ऐकून बरं वाटलं, कारण एकरी दोनशेच्या फार खाली जाईल अशी भीती होती आणि ते १९० वर थांबलंय. मग ताणकाट्याला एक पेंढी लावली. गेल्या वर्षीची जुनी पेंढी चार किलोची. या वर्षीची तीन किलो, काही तर अडीच. आकार तोच, आळा तोच, आत ताटं बारीक. पेंढ्या मोजून चारा मोजणाऱ्यांनी या वर्षी काटा वापरलाच पाहिजे.

आता हिशेब. सहा मोठी जनावरं, पेंड-भुसा धरून प्रत्येकी साडेसहा ते सात किलो कोरडा चारा, म्हणजे दिवसाला ४० किलो. शेळ्या बांधावरचं आणि बाभळीच्या शेंगा खातील असं धरलं.

शेवटची तारीख कोणती धरायची यावर घरात बरीच चर्चा झाली. तात्या (शेजारचे, नात्याने चुलते) म्हणाले, मृगापर्यंत काढला की झालं. मृगात पाऊस पडला तरी हिरवा चारा लगेच उगवत नाही. कडवळ (चाऱ्याची ज्वारी) पेरलं तर फुलोऱ्यात यायला पन्नासेक दिवस लागतात आणि त्याआधी ते कापायचं नसतं. बांधावरचं गवत पंधरा-वीस दिवसांत येतं, पण त्यावर जनावर जगत नाही, उलट हगवण लागते. म्हणून ३१ जुलै धरली. १ मार्चपासून १५३ दिवस, ४० किलोने ६१२० किलो.

जमेला: नवा कडबा २२८०. जुन्या दीडशे पेंढ्या, ६००. मुरघास साडेतीन टन, पण त्यात पाणीच जास्त. कोरड्याच्या हिशेबात ११०० धरला. एकूण ३९८०. तूट २१४० किलो.

मृगापर्यंतच मोजलं असतं तर हा चारा जेमतेम पुरतोय असं दिसलं असतं.

३ मार्च

कडबा आता शेकडा (शंभर पेंढ्यांना) २२०० आहे. मे महिन्यात तो कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. उजनी धरण जानेवारीतच मृतसाठ्यात गेलंय, म्हणजे भीमाकाठची बागायत यंदा उन्हाळी मका-कडवळ घेणार नाही आणि तिकडचे लोकही कडब्याच्या मागे लागतील. ज्वारीचा भाव वाढला तर लोक दुसरं धान्य आणून खातात. कडब्याला पर्याय नाही.

शेकड्यावर न घेता वजनावर घ्यायचा म्हटल्यावर दोन व्यापाऱ्यांनी नाद सोडला. तिसरा तयार झाला, किलोला ८ रुपये, वजनकाट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही पावत्या दाखवून. हजार किलो घेतला, ८०००. शेकडा २२०० ने घेतला असता तर त्या बारीक पेंढ्यांमुळे किलोला सात-साडेसात पडला असता असं वाटतं खरं, पण त्याच गाडीतल्या पेंढ्या नंतर घरी काट्यावर लावल्या, सरासरी अडीच किलो भरली. म्हणजे किलोला जवळजवळ नऊ.

उसाचं वाढं (शेंड्याकडची हिरवी पानं) स्वस्त मिळतंय, कारखान्यांचं गाळप संपत आलंय. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवलं तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं, दुभत्या गाईला ते सोसत नाही. चार-पाच किलो कडब्यात मिसळून देतोय, सोबत खनिज मिश्रण. मार्चअखेर तेही संपेल.

१० मार्च

सांगोल्याच्या बाजारात एक गाय विकली. दिवाळीपासून सारखी उलटत होती (गाभ धरत नव्हती), दूध सहा लिटरवर आलेलं. दिवाळीत ५५ हजाराला मागितली होती, आज ३८ हजाराला गेली. बाजारात घेणाऱ्यांपेक्षा विकणारेच जास्त, आणि ज्यांच्या गाई खरंच चांगल्या होत्या तेही दावं हातात धरून उभे. एप्रिलमध्ये हीच गाय तीसलाही गेली नसती.

घरी बोलणी खाल्ली. वहीत मात्र दिवसाचे सात किलो कमी झाले, जुलैअखेरपर्यंत हजार किलो. आईला हिशेब पटला, गाय गेलेली पटली नाही.

२५ मार्च (धुळवड)

फुलीची बॅग उघडली. वरचा हातभर थर पांढऱ्या बुरशीने भरलेला, वास कुबट. कडेने खालपर्यंत तोच प्रकार. मधला भाग काढून बघितला, तोही तपकिरी आणि गरम. जवळजवळ पूर्ण बॅग उकिरड्यावर गेली. काहींनी सांगितलं, बुरशीचं बाजूला काढून उरलेलं बैलांना द्या. दिलं नाही. त्याच दावणीला गाभण म्हैस आहे, आणि बुरशीचा चारा गाभण जनावराला धोक्याचा.

दुसरी बॅग उघडली: रंग पिवळट हिरवा, वास आंबूस गोड, हातात घेतली तर चिकट नाही. गाय पहिल्या दिवशी हुंगून मागे सरली, तिसऱ्या दिवशी बॅगेकडे बघून हंबरायला लागली. उघडलेली बॅग रोज वरून सरळ थराने काढायची आणि लगेच तोंड घट्ट बांधायचं, खड्डा करत काढली तर हवा आत जाते.

सातशे किलोतले कोरडे दोनशे-सव्वादोनशे किलो गेले. ही तूट भरायला गव्हाचं काड आणलं. बागायतीतल्या एका पाहुण्यांकडे मळणीनंतर पडलेलं, एरवी कोणी विचारत नाही. पाचशे किलो, फक्त वाहतुकीचे १५००. काड तसं खायला कमी प्रतीचं, म्हणून युरिया प्रक्रिया केली: शंभर किलोला ४ किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचं, ताडपत्रीने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांना, त्यातली निम्मीच लागली. महाग पडलं ते पाणी. अडीचशे लिटर पाणी चाऱ्यावर शिंपडताना बायको शेजारी उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. त्या दिवशी धुणं नव्हतं.

९ एप्रिल (पाडवा)

गोठ्यात भिंतीला थर्मामीटर लावलाय. दुपारी दोनला पत्र्याखाली ४३. गाईचं दूध अकरावरून साडेसातवर आलंय. ती उभीच राहते, बसत नाही, जीभ बाहेर. म्हैस त्यामानाने शांत. पंढरपुरी म्हशीला हा मुलूख ठाऊक आहे. खिलार बैलांना तर काहीच वाटत नाही.

जे केलं ते असं. पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, चुन्यात थोडा डिंक घातला, खर्च ७००. त्यावर तुराट्यांचा थर बांधला. दुपारचं तापमान ४३ वरून ३९ वर आलं. कडबा सकाळी दहाच्या आत आणि रात्री आठनंतर द्यायला लागलो. भर दुपारी चारा दिला की तो पचताना अंगात आणखी उष्णता होते आणि जनावर खायचंच टाळतं. नऊ-दहा दिवसांत दूध साडेआठवर आलं. अकरावर येणार नाही, दुधाचा भाव २७ असताना त्यामागे पेंड घालणंही परवडत नाही.

पाण्याचं कोडं वेगळंच होतं. हौद भरलेला असूनही गाय दुपारी पाणी कमी प्यायची. एकदा हात घातला तर पाणी अंघोळीइतकं कढत. बोअरपासून हौदापर्यंतचा काळा पाइप दिवसभर उन्हात तापतो, आणि आम्ही वीज येते त्या वेळी, दुपारी एकला, हौद भरायचो. पाइप वीतभर मातीखाली गाडला, हौदावर पोत्याचा मांडव केला, वीज रात्रीची असते त्या आठवड्यात हौद रात्रीच भरून ठेवतो. गाय आता दिवसाला ऐंशी-नव्वद लिटर पिते. बोअरवर तेवढा ताण वाढला, ही त्याची दुसरी बाजू.

१५ एप्रिल

काडाची ताडपत्री काढली. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. लगेच खायला घालायचं नसतं, जेवढं द्यायचं तेवढं काढून तासभर पसरून ठेवायचं. काड मऊ आणि पिवळं झालंय. बैलांनी चौथ्या दिवसापासून बिनतक्रार खाल्लं. शेळ्यांना आणि लहान वासरांना आम्ही हे देत नाही, त्यांच्यासाठी ताडपत्रीसमोर काटेरी फांद्या लावल्या.

२१ एप्रिल

काल संध्याकाळी वारा सुटला आणि अर्धा तास सर आली. गारा नव्हत्या. २०१४ च्या मार्चमधली गारपीट ज्यांनी बघितलीय ते आभाळ काळं झालं की आधी गंजीकडे धावतात. ताडपत्री वाऱ्याने उडाली, गंजीचा वरचा थर भिजला. साठेक पेंढ्या. सकाळी लगेच सोडून उन्हात उभ्या केल्या, तरी निम्म्या काळ्या पडल्या. काळा कडबा जनावर उष्टावतं आणि टाकतं. कुट्टी करून मुरघासात मिसळला, तसा गेला.

रानात मात्र वाफसा आलाय. याच वेळी नांगरून घ्यायला हवं, ट्रॅक्टरवाल्याची वाट बघतोय. सगळ्यांना त्याच आठवड्यात नांगरायचंय.

२ मे

शेळी गेली.

ट्रॅक्टर आलाच नव्हता. विळ्याने कापलेल्या बुडख्यांना, त्यातही बांधालगत जिथे पाणी साचलं होतं तिथे, पावसानंतर फुटवे आले. वीतभर उंच, हिरवेगार. दोन महिने हिरवं न बघितलेल्या शेळ्या दुपारी दावं तोडून तिकडे गेल्या. मुलाने बघितलं तेव्हा तीन शेळ्या खात होत्या. हाकलून आणेपर्यंत एक लडखडायला लागली. तोंडाला फेस, श्वास जोरजोरात, मान मागे ताणलेली. डोळ्याची पापणी उलटून बघितली तर आतून लालभडक. हे लक्षण ध्यानात ठेवा. पोटफुगीत किंवा इतर बऱ्याच विषबाधांत असा लाल रंग दिसत नाही. अर्ध्या तासात ती गेली. बाकी दोघींना डॉक्टरांनी शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिलं, त्या संध्याकाळपर्यंत सावरल्या. औषध आणि येण्याजाण्याचे २२००.

किराळ लागणं, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांची विषबाधा, म्हणतात ती हीच. तात्यांच्या मते नजर लागली होती. डॉक्टरांनी फुटव्याचं एक पान चुरगळून त्यांच्या नाकाजवळ धरलं आणि काही न बोलता बॅग आवरायला घेतली.

मागे जाऊन बघितलं तर साखळी सरळ आहे. ओल लवकर संपली, जमीन आवळली, ज्वारी उपटेना, बुडखे राहिले, अवकाळी आला, फुटवे आले. एकरी हजार जास्त देऊन उपटून घेतली असती तर चार हजार गेले असते. शेळी आणि औषध मिळून त्यापेक्षा बरंच जास्त गेलं. पण फेब्रुवारीत एप्रिलच्या पावसाचा हिशेब कोण करतो? ज्यांनी कापून काढलीय त्यांनी पाऊस पडला की त्या रानाकडे एकही जनावर सोडू नका, एवढंच सांगू शकतो. दुसऱ्या दिवशी बैलांनी कुळव घालून बांधालगतचे फुटवे मोडून काढले आणि वेचून बाहेर टाकले.

१९ मे

लहानसहान गोष्टी. ॲझोलाचा (पाण्यावर वाढणारी, चाऱ्यात घालायची बारीक वनस्पती) खड्डा मार्चमध्ये केला होता, कागद आणि बाकी धरून १४०० गेले. एप्रिलच्या मध्यापर्यंत छान आला, मग तपकिरी होऊन तळाशी बसला. सावली वाढवली, पाणी बदललं, उपयोग नाही. चाळीसच्या वर तो आमच्याकडे टिकला नाही, आणि टिकवायला लागतं तेवढं पाणी आम्ही म्हशीला पाजू. पावसाळ्यानंतर पुन्हा बघू.

कालवड भिंत चाटत होती, चपलेचा पट्टा चघळताना सापडली. कोरड्या चाऱ्यावर तीन महिने काढले की क्षारांची भूक लागते. खनिज विटा टांगल्या, आठवड्यात थांबली.

घटसर्प आणि फऱ्याचं लसीकरण करून घेतलं, शेळ्यांना आंत्रविषाराचं. पाऊस पडल्यावर करून उपयोग नसतो, लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जावे लागतात.

कडबा शेकडा ३५०० वर गेलाय आणि पेंढ्या त्याच बारीक.

७ जून

मान्सून काल सोलापूरपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आमच्याकडे रात्री चांगला पडला. सकाळी पहार मारली, खालच्या रानात दीड वीत ओल, माळावर मुरमापर्यंत. गावात पेढे वाटल्यासारखं वातावरण आहे. गंजीत आज अजून बऱ्याच पेंढ्या आहेत, मुरघासाची शेवटची बॅग अर्धी. तात्यांची गंज संपलीय, त्यांनी काल शंभर पेंढ्या मागितल्या. पन्नास दिल्या. माळाच्या पट्टीत कडवळ पेरायला घेतलं.

२८ जुलै

कडवळ फुलोऱ्यात आलं, आज पहिली कापणी. पन्नासेक दिवस झाले. मधे दहा-बारा दिवस पावसाने ओढ दिली तेव्हा ते मान टाकून होतं, गाय बांधावरून टक लावून बघायची. हात लावू दिला नाही. पहिले चार दिवस कडब्याच्या कुट्टीत अर्धं अर्धं मिसळून देणार.

गंजीत ३४ पेंढ्या उरल्या. म्हैस व्यायली, रेडी झाली, दूध सात लिटर.

नेहमीच्या खर्चावर जास्तीचा खर्च: मुरघास ८१००, कडबा ८०००, काड आणि युरिया १७६६, चुना ७००, डॉक्टर २२००, ॲझोला १४००. बेरीज २२,१६६. मेलेली शेळी यात नाही. ज्वारी एकरी तीन क्विंटल निघाली, पाच क्विंटल घरी ठेवून बाकी विकली.

पुढच्या रब्बीसाठी तीन गोष्टी वहीत लिहिल्यात. माळाच्या पट्टीत मालदांडी नाही. हलक्या जमिनीसाठी राहुरी विद्यापीठाची फुले अनुराधा आहे, तिचं बियाणं सप्टेंबर लागायच्या आत आणायचं, नंतर मिळत नाही. बांधाकडच्या चार काकऱ्यांना बैल वळत नसेल तर हाताने खुरपायच्या. आणि मुरघासाच्या पाचांपैकी दोन बॅगा उंदरांनी कुरतडल्या. राहिलेल्या तीन धुऊन माळ्यावर टांगल्यात, दोन नव्या घ्यायच्यात.